कढईबाईंचा निळा कॅन

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या प्रयोगशाळेत संशोधक बाई फोन ठेवून वळल्या. कोपऱ्यातला निळा कॅन गायब होता!

त्या कॅनमध्ये बाईंची तीन वर्षं होती. कॅन्टीनच्या कढईतलं वापरून टाकलेलं तेल घ्यायचं आणि त्याचं डिझेल करायचं, हा त्यांचा ध्यास. त्यापायी अख्ख्या कंपनीनं त्यांना 'कढईबाई' करून टाकलं होतं. मोठे साहेब तर फाईल उघडायच्या आधीच म्हणायचे, "बाई, आपण जमिनीखालच्या तेलावर जगणारी माणसं. कढईत डोकावायला लागलो तर लोक हसतील. आणि इंजिन बसलं म्हणजे?"

मग बाईंना आठवलं. कारखान्यातला पंप बंद म्हणून साहेबांचा ड्रायव्हर डिझेल मागायला आला होता. फोनवर बोलता बोलता बाईंनी कोपऱ्याकडे हात केला होता. कोपऱ्यात कॅन होते दोन; साधं डिझेल दुसऱ्यात होतं.

त्यांनी घाईघाईनं त्याला फोन लावला. "दादा, कुठला कॅन नेलात?"

"निळा. पूर्ण ओतला टाकीत," ड्रायव्हर कुजबुजला. "सिग्नलला उभाय मॅडम. मागं साहेब आणि दोन संचालक बसलेत, पुलापलीकडं बैठकीला चाललोय. ठेवतो."

बाईंनी स्कूटर काढली. फाटकावर सुरक्षा अधिकारी आडवे आले. बाईंनी एका दमात सगळं सांगितलं.

"गाडी पेटली तर?"

"पेटणार नाही हो!"

"ते आपण बघू," म्हणत ते आग विझवायचं लाल नळकांडं कवेत घेऊन मागे बसले. हे दृश्य कामगार पुढाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं. दोन मिनिटांत कारखानाभर झालं, "कढईबाईंनी साहेबांची गाडी पेटवली!" आणि पुढारी पंधरा जणांना घेऊन कंपनीच्या बसनं निघाले. मदतीला की मजा बघायला, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

पुलाच्या अलीकडे गाडी कडेला उभी दिसली. संपलं! नोकरीही गेली आणि फाईलही!

गाडीच्या धुराड्यापाशी वयस्कर संचालकबाई डोळे मिटून उभ्या होत्या. नाकपुड्या मात्र जाग्या होत्या.

"कुणीतरी काहीतरी तळतंय," त्या म्हणाल्या. "कधीची शोधतेय. गाडी थांबवायला लावली मी. डबल भूक लागलीय मला."

"वास गाडीलाच येतोय," बाई चाचरत म्हणाल्या. "चूक माझी आहे. टाकीत कॅन्टीनचं तेल आहे. म्हणजे डिझेलच, पण कढईतलं."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. तेवढ्यात दुसऱ्या संचालकांनी ड्रायव्हरला विचारलं, "गाडी कशी चालली?"

"खरं सांगू साहेब? चढावर एकदासुद्धा दमली नाही. मला वाटलं, कुणी नवं इंजिन टाकलं."

"कमाल आहे!" संचालकबाई टाळी वाजवून म्हणाल्या. "हे कुणाच्या डोक्यातनं निघालं?"

साहेबांनी क्षणभर संचालकांकडे पाहिलं, क्षणभर बाईंकडे. मग घसा साफ करून म्हणाले, "आमच्याच. मुद्दाम तुम्हाला बसवून चाचणी घेतली. बाईंच्या पाठीशी मी पहिल्यापासून उभा आहे."

बाईंनी आ वासला आणि शहाणपणानं मिटला. बस येऊन थांबली, काही पेटलेलं नाही बघून पुढाऱ्यांनी ताबडतोब "कढईबाईंचा विजय असो!" सुरू केलं. सुरक्षा अधिकारी नळकांडं कवेत धरूनच नाचले. बैठक तिथंच, पुलाच्या कठड्याला टेकून झाली. कंपनीच्या सगळ्या गाड्या सोमवारपासून कढईच्या तेलावर!

आनंदानं तरंगत बाई थेट कॅन्टीनमध्ये गेल्या. "आचारीकाका, रोज साठ लिटर लागेल!"

"कुठलं तेल, ताई?" काकांनी भिंतीवरचा ताजा कागद दाखवला. "डॉक्टरांचा हुकूम. सगळ्यांच्या हृदयासाठी आजपासून तळण बंद. सगळं उकडलेलं."

बाईंनी तिथंच टेबलावर कागद ओढला आणि अर्ज लिहिला: 'हरित इंधनासाठी तळण पुन्हा सुरू करण्याबाबत.' पहिली सही साहेबांनी केली. मग संचालकबाईंनी, पुढाऱ्यांनी, ड्रायव्हरनं. रांग जिन्यापर्यंत गेली. सगळ्यांना एकाएकी पर्यावरणाची तळमळ लागली होती.

सगळ्यात शेवटी कंपनीचे डॉक्टर आले. त्यांनी समोरच्या उकडलेल्या दुधीकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "पेन आहे का?"