केवड्याच्या अत्तरातून पाणी हाकलिल्याची हकीकत

श्री. ज्याचे नाक सकळ देवांत लांब, तो गजानन या लेखास प्रसन्न असो, आणि वाचणारास पडसे नसो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, भाद्रपद मास. ते समयी आमचे राज्यांत (राज्याचे नाव सांगत नाही, सांगितले तर अब्रू जाईल) अत्तरखान्याचे दरोगे सुभानजी गंधे, चार पिढ्यांचे मानकरी, मोठे नाकाचे आणि त्याहून मोठ्या तोऱ्याचे, ऐसे होते. आणि शेजारचे राजियांनी आमचे युवराजांस कन्या देऊ केली, परंतु लिहिले की नवरीचे हळदीस केवड्याचे अत्तर तुमचे घरचे पाहिजे, आणि त्यांत पाण्याचा थेंब निघाला तर सोयरीक मोडली. अष्टमीस त्यांचे वकील दादंभट चिंचलीकर पारखावयास येणार. हे वकील ऐसे की दोन कोसांवरून फोडणी कसली ते सांगत. आता केवडा भट्टीत शिजविला म्हणजे वासाची वाफ आणि पाण्याची वाफ गळ्यांत गळे घालूनच येते. किती वेळा उकळा, एक दुसरीस सोडीत नाही. आणि तापल्या तव्यावर अत्तराचा थेंब टाकावा तो चर्र! म्हणजे पाणी आहेच. मग महाराज गरजले, "दरोगे, अष्टमीस तवा चरचरला तर तुम्ही पागेत लीद उपसाल." दरोग्यांचे तोंडचे पाणी पळाले, अत्तरांतले काही पळेना.

मग खाडीकाठची गोमाय कोळीण वाड्यांत सुकट घेऊन आली, आणि दरोगे डोकीस हात लावून बसलेले पाहून म्हणाली, "अवो दरोगेबाबा, रडता कशाला? कोळंबीच्या साली खारात नि आंबट ताडीत उकळून मी खळ करते, ती पसरून वाळवली की पातळ पापुद्रा होतो. पाण्याची त्याला भारी ओढ! त्याच्या पिशवीत ताडी टांगली की पाणी तेवढं आरपार जाऊन उडतं. नि आत जे राहतं ना, ते पिऊन माझा दादला तीन दिस नाचतो." दरोगे 'आरपार' इतके ऐकताच उठले आणि म्हणाले, "बस्स! पुढले आम्हांस शिकवू नको. गाळण्यांत आमची चौथी पिढी." गोमाय म्हणाली, "बरं बाबा, तुमचंच खरं," आणि पापुद्रा देऊन गेली.

मग तांब्याची पेटी केली आणि मधोमध पितळी जाळीवर पापुद्रा ताणून बसविला आणि अलीकडे भट्टीची वाफ सोडिली आणि दोहों अंगांनी एक एक नळी काढून ओल्या फडक्यांनी गार केली. आणि अत्तरखान्याची रीत ऐसी की गाळून खाली उतरेल तो माल, आणि वर अडकेल तो चोथा, गटाराचा धनी. त्या रीतीने पापुद्र्यापलीकडली नळी सोन्याचे कुपीत घातली आणि अलीकडली खिडकीतून मागले गटारांत सोडिली. आणि कुपी महाराजांआधी हुंगणे म्हणजे देहदंड, सबब कोणी हुंगली नाही. भट्टीघर तर अवघे केवड्याने घमघमत होते, तेव्हा शंका कोणास यावी! दरोगे मिशांस पीळ देत हिंडत होते. आम्हीही पेढे खाल्ले, खोटे कशाला सांगावे.

अष्टमीस दरबार भरला आणि तवा तापला आणि कुपीची मोहोर फोडिली आणि वकिलांनी थेंब टाकिला तो चर्रर्र! दुसरा टाकिला तो चर्रर्र! मग वकिलांनी कुपी नाकास लाविली आणि डोळे वटारून बोलिले, "अत्तरांत पाणी असते तर एक वेळ चालविले असते, महाराज. या पाण्यांत अत्तरच नाही!" महाराज लाल जाहले, युवराज पांढरे जाहले, आणि दरोगे मटकन खाली बसले. इतक्यांत मागले अंगाने वारा आला मात्र, आणि वकिलांचे नाक वर उठले आणि पाठोपाठ वकील उठले, आणि पागोटे पडले तरी न थांबता धावत सुटले. मग महाराज धावले, युवराज धावले, चोपदार धावले, जळता तवा घेऊन आचारी धावला, आणि अवघे राज्य गटारापाशी येऊन ठेपले. तो काय पाहतात! दोन मांजरे चिखलांत लोळताहेत, म्हैस डोळे मिटून उभी आहे, आणि गोमाय कोळीण नळीखाली कोरे मडके धरून निवांत बसली आहे. ती म्हणाली, "सकाळी सुकट घेऊन आले तर वास आला. चांगला माल गटारात जाताना बघवंना, बाबा."

मग मडक्यांतला थेंब तव्यावर टाकिला. चर्र नाही, चूं नाही. नुसता केवडा दरवळला. दादंभट चिंचलीकर गटाराचे काठी बसून ढसढसा रडले आणि म्हणाले, "सोयरीक पक्की." मग महाराजांनी दरोग्यांकडे पाहिले. दरोगे हात जोडून म्हणाले, "महाराज, मी पाण्यास सोने दिले आणि अत्तरास गटार दिले. पागेचा रस्ता दाखवावा." महाराजांस ऐसे हसू लोटले की दोघांनी धरावे लागले. मग हुकूम जाहला की सोन्याची कुपी गोमायची, आणि दरोगे आपले जागी कायम.

सारांश, पाणी गेले, अत्तर राहिले, लग्न जाहले. आणि त्या दिवसापासून अत्तरखान्यांतला कोणताही चोथा फेकण्याआधी सुभानजी दरोगे पागोटे काढून ठेवितात, गुडघे टेकितात आणि स्वतः हुंगून पाहतात. आम्ही डोळ्यांनी पाहिले ते लिहिले. इति.