टकटकसरांनी इतिहास पुसला

"आजपासून मीपण तुमच्या क्लासला येणार," बायको म्हणाली आणि टकटकसरांच्या घशात चहा अडकला.

सरांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर भंगारात गेल्यावर त्यांनी त्याच खोलीत मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवायला सुरुवात केली. मशीन बदललं तरी सर मात्र तेच राहिले. टायपिस्टने कळांकडे बघायचं नाही, कागदावर काय उमटतंय तिकडेही बघायचं नाही, हा त्यांचा जुना बाणा. माऊसचा तर त्यांना मनस्वी राग. "दहा बोटं दिलीत देवाने, आणि हे उंदीर फिरवत बसतात!" असं म्हणून त्यांनी क्लासमधले सगळे माऊस एका खोक्यात बंद करून टाकले होते.

"तू कशाला उगीच?" सर ठसका आवरत म्हणाले. "घरी शिकवतो की मी."

"घरी शिकवताना ओरडता तुम्ही. तिथे चार लोकांसमोर आवाज चढणार नाही." एवढं बोलून तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला अडकवली. घरी आणि क्लासला मिळून तो एकच लॅपटॉप होता. आणि सरांची पंचाईत झाली ती नेमकी त्याच्यामुळेच.

बायको अंघोळीला गेली असताना सरांनी त्यावर नको ते शोधलं होतं. भानगड होती केसांची. लग्नानंतर एकदा सलून बंद होतं म्हणून बायकोने घरीच त्यांचे केस कापले. सर नवे नवरे. "वा! असे केस आजवर कुणी कापले नाहीत!" म्हणून मोकळे झाले. झालं! तेव्हापासून दर महिन्याला सर अंगाभोवती चादर गुंडाळून स्टुलावर बसायचे आणि उठताना आरशात बघून "वा!" म्हणायचे. डावी बाजू कानावर, उजवी कानाच्या वर, मागे पायऱ्या. अलीकडे तर पार कहर झाला होता. पण आता सांगायचं कोणत्या तोंडाने? बिचारी जीव ओतून कापते, तिचं मन मोडेल, या एकाच धास्तीने सर गप्प होते. शेवटी त्या सकाळी त्यांनी ब्राउझरलाच साकडं घातलं होतं.

आता क्लासमध्ये लॅपटॉपवरचं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसणार आणि बायको पहिल्या बाकावर बसणार. वाटेत सरांनी ठरवून टाकलं, आजचा धडा एकच. इतिहास पुसणे.

सर पडद्याकडे पाठ करून, लॅपटॉपकडेही न बघता उभे राहिले. समोर पोस्टमनकाका, शिंपीणबाई, किराणावाले शेट आणि पहिल्या बाकावर पदर सावरून बसलेली बायको.

"आपण ब्राउझरमध्ये जे जे बघतो ते सगळं तो लक्षात ठेवतो," सर म्हणाले. "ते कळांनी कसं पुसायचं ते आज बघू. माझी पद्धत सोपी आहे. शब्दाचं पहिलं अक्षर धरा, कळ सापडते. आणि मध्येच कुणी बोलायचं नाही. शंका असेल तर हात वर करा, शेवटी विचारा. हं, कंट्रोल आणि एच. एच म्हणजे हिस्टरी. यादी आली ना?"

यादी आली. सकाळी शोधलेलं सगळ्यात वर. पण अक्षरं बारीक होती.

"मागून दिसत नाही, सर," शेट म्हणाले.

"सोपं आहे. कंट्रोल आणि अधिक." शिकवण्याच्या तंद्रीत स्वतःचं गुपित विसरून सरांनी ती कळ चांगली पाच-सहा वेळा हाणली. "आता?"

आता शेटना काय, रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातल्या पेशंटलाही दिसलं असतं. पडदाभर अक्षरं होती: 'बायकोला न दुखावता सलूनमध्ये कसे जावे'. त्याखाली, 'बायकोने बिघडवलेले केस किती दिवसांत वाढतात'. वर्गात कुणीतरी "अगंबाई!" म्हणालं. शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला. सरांना वाटलं, काय हा शिकण्याचा उत्साह!

"आता ही यादी नाहीशी करू. कंट्रोल, शिफ्ट आणि डी. डी म्हणजे डिलीट. एंटर. गेलं!"

गेलं कसलं! डिलीटची कळ वेगळीच असते. पण टाइपरायटरवर ती नव्हतीच, त्यामुळे सरांच्या बोटांना तिचा पत्ता ठाऊक नव्हता. त्यांनी जे दाबलं त्याने उघडी असलेली झाडून सगळी पानं बुकमार्क होऊन बसली. पुढेमागे कुणाला चटकन सापडावीत म्हणून! पोस्टमनकाकांनी हात वर केला. शेटनी दोन्ही हात वर केले.

"शंका शेवटी!" सर खूश होते. "एखादं पान उघडं राहिलं असेल तर तेही बंद करू. कंट्रोल, शिफ्ट, टी. टी म्हणजे टॅब."

ही तर बंद केलेलं पान परत उघडायची कळ. सकाळी बायकोची चाहूल लागताच सरांनी घाईघाईने बंद केलेला व्हिडिओ धाडकन पडदाभर उघडला आणि एक बाई खणखणीत आवाजात बोलू लागली, "घरच्या माणसाने तुमच्या डोक्याची वाट लावली आहे? घाबरू नका!"

सरांचे डोळे पांढरे झाले. नोकरीधंद्याच्या उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदा मागे वळले आणि त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग एकदम बटणांवर झडप घातली. व्हिडिओ बंद झाला, पण त्यामागून ती यादी पुन्हा समोर आली. तेवढीच्या तेवढी.

पहिल्या बाकावरून एक हात वर झाला.

"सर, शंका आहे," बायको उठून उभी राहिली. "इतकी वर्षं आरशात बघून 'वा' कोण म्हणत होतं?"

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला वाईट वाटू नये म्हणून? आणि हे चार लोकांसमोर भिंतीवर लावलंत ते?"

यादी कशीही करून डोळ्यांआड करायची म्हणून सरांनी हाताला लागेल ती कळ दाबली. यादी सरकली खरी, पण खाली. आदल्या दुपारच्या ओळी वर आल्या. पोस्टमनकाकांना हातात पडेल ते मोठ्याने वाचायची सवय.

"'नवऱ्याने पुन्हा केस कापायला सांगू नये म्हणून किती वाकडे कापावेत'," त्यांनी वाचलं. "सर, हेपण तुम्हीच शोधलंत?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. बायको मटकन खाली बसली.

"म्हणजे?" सर म्हणाले. "तू... मुद्दाम?"

"मग काय करू?" ती एकदम उसळली. "मला काय हौस आहे तुमच्या मानेवरचे केस झाडायची? पहिल्यांदा चुकून बरे कापले गेले आणि तुम्ही डोक्यावरच घेतलंत. म्हटलं, जरा बिघडवले की आपणच जाल सलूनमध्ये. तर तुम्ही म्हणालात 'वा!' आणखी बिघडवले. तरी 'वा!' मागच्या महिन्यात तर डोळे मिटून कापले हो मी!"

"खाली अजून बरंच आहे," शेट पडद्याकडे बघत उत्सुकतेने म्हणाले.

"नको!" नवराबायको एका सुरात ओरडले, आणि बायकोने धावत जाऊन पडद्याची वायरच उपटली.

दुसऱ्या दिवशी सर राजरोस सलूनमध्ये गेले. दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. न्हाव्याने ते डोकं पाहून आधी कपाळाला हात लावला, मग झकास, सगळीकडून सारखे केस कापले. सर शीळ घालत घरी आले. बायकोने दार उघडलं, त्यांना न्याहाळलं, मागे वळायला लावलं आणि ती किंचाळली.

"काय झालं?"

तिने एक छोटा आरसा आणून त्यांच्या डोक्यामागे धरला आणि त्यांना कपाटाच्या आरशासमोर उभं केलं. सर बघतच राहिले. डोक्याच्या मागच्या बाजूला चांगलं बशीएवढं टक्कल लख्ख चमकत होतं.

"हे... हे कधी पडलं?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि मला पत्ताच नाही?"

"लागू दिला नाही मी," ती म्हणाली. "तुम्हाला केसांचा केवढा अभिमान. वाकडे कापायची, ते खरं. पण डावीकडचे लांब ठेवून त्यावर ओढून घ्यायची. तिथे कात्री लावायला माझा हातच व्हायचा नाही. न्हावीही तेवढं सांभाळून घेईल, असं वाटलं होतं."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी केस गेले म्हणून आलं असं सांगितलं. पुढचा महिनाभर ते क्लासमध्येही टोपी घालून वावरले.

महिना संपला तशी त्यांनी आपणहून चादर गुंडाळली आणि स्टुलावर बसून हाक मारली, "अगं ए, कात्री आण! आणि हे बघ, सरळ कापलेस तर याद राख."