पाण्याच्या टाकीचा उतार

पंचावन्न वर्षांच्या गाडीत बहात्तर वर्षांच्या सासूबाई बसवायच्या म्हणजे पोरखेळ नाही, हे घड्याळजींना सकाळी साडेनऊला कळून चुकलं.

"ही गाडी आहे की बादली?" सासूबाईंनी उघड्या दारातून आत वाकून पाहिलं. "सीट तर जमिनीलाच टेकलंय. आत बसायचं की पडायचं?"

"आई, आधी गाडीकडे पाठ करा. हं. आता खाली बसा. पाय सगळ्यात शेवटी आत घ्या."

"आणि बाहेर कशी येऊ?"

"ते दवाखान्यात गेल्यावर बघू."

सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. लाल रंगाची ती बुटकी दोन सीटांची गाडी एकदा डावीकडे कलंडली, पुन्हा सरळ झाली. इंजिन मात्र सुरूच होतं. घड्याळजींनी ते मुद्दाम सुरू ठेवलं होतं, आणि त्याचं कारण या घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. निदान त्यांची तरी तशी समजूत होती.

गाडी त्यांच्या मामांची. घरची जुनी चार दारांची गाडी भंगारात निघाली, नवी घ्यायचं ठरत होतं, तेवढ्यात मामा गेले आणि जाताना ही लाल बाहुली भाच्याच्या नावावर करून गेले. रविवारी पुसायची, सोमवारी झाकून ठेवायची, असली ही शोभेची वस्तू. पण घड्याळजी हट्टाला पेटले. रोज आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात ह्याच गाडीने जायचं, भाजी आणायची ती ह्यातच. "यंत्र चालतं ठेवलं तरच जगतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. घड्याळ बंद पडलं म्हणून आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला ते हे ऐकवायचे.

बायको शाळेत गणित शिकवायची. तिने वाद घातला नाही, अट घातली. "एक महिना वापरा. ह्या गाडीपायी घरातल्या कुणालाही एकदा जरी उशीर झाला, किंवा गाडी एकदा जरी ढकलावी लागली, तर ती विकायची आणि चार दारांची शहाणी गाडी आणायची. कबूल?"

"कबूल!" घड्याळजी छाती काढून म्हणाले होते.

तिसऱ्याच दिवशी गाडीचा स्टार्टर गेला.

मेकॅनिकने पार्ट बाहेरून मागवावा लागेल म्हणून सांगितलं आणि मग दर आठवड्याला "येतोय, येतोय" सुरू केलं. तोवर काय करायचं? घड्याळजींनी डोकं चालवलं. गाडी उतारावर लावायची, ब्रेक सोडायचा, घरंगळली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. इंजिन बिनबोभाट सुरू. ढकलायचा प्रश्नच नाही! फक्त घराजवळ उतार नव्हता. जवळचा उतार पाण्याच्या टाकीपाशी, घरापासून दीड किलोमीटरवर. "तिथे झाडाची सावली असते, रंगाला चांगली," असं बायकोला सांगून ते रोज सकाळी टाकीपर्यंत चालत जायचे आणि संध्याकाळी तिथून चालत यायचे. दुकानाजवळचा उतार शाळेच्या मागे, म्हणजे तिथेही पायपीट. सत्तावीस दिवस माणूस वणवण फिरला, पण तोंडातून ब्र काढला नाही.

आज तिसावा दिवस. सासूबाईंना दहा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोलावलेलं. एवढं निभावलं की गाडी कायमची आपली.

"अहो जावईबापू, माझी फाईल! वर टेबलावरच राहिली!"

घड्याळजी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, फाईल घेतली आणि खाली आले. आणि दाराशी येताच थबकले. ज्याचा जन्म टिकटिक ऐकण्यात गेला, त्याला शांतता आधी ऐकू येते.

"आई... इंजिन?"

"बंद केलं मी." सासूबाईंनी गाडीची किल्ली पुढे धरली. "तुम्ही वर, गाडी खाली, आणि पेट्रोल आपलं जळतंय! फुकट येतं का ते? आमच्याकडे खोलीतून बाहेर पडताना दिवासुद्धा मालवायची पद्धत आहे."

समोर रस्ता पाटासारखा सपाट. वर गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. सगळंच मुसळ केरात! घड्याळजींना रडावं की सासूबाईंच्या पाया पडावं, कळेना. गाडी ढकलल्याशिवाय सुरू होणार नाही, आणि ढकलली की गेली. नाही ढकलली तर उशीर, म्हणजे तरी गेलीच.

इतक्यात तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर पेपर काखेत मारून बाहेर आले. त्यांच्या मागून शेजारची शिंपीण आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. घड्याळजींच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला.

"मास्तर! या या! एक फोटो काढायचाय. गाडीला आज महिना झाला ना!"

"काढा की," मास्तर म्हणाले आणि कॉलर सारखी करून गाडीच्या पुढे उभे राहिले.

"पुढे नको, मागे या. सगळेच मागे या. हात गाडीवर ठेवा."

"म्हणजे, गाडी ढकलताना?"

"छे छे! शाबासकी देताना. महिनाभर राबली बिचारी." घड्याळजी स्टीअरिंगमागे शिरले. "मी हं म्हटलं की शाबासकी जरा जोरात द्या."

मास्तर खिडकीशी वाकले. "स्टार्टर गेलाय ना? मग सरळ सांगा की."

"हळू बोला हो मास्तर. वर बायको आहे."

"अहो!" वरून हाक आलीच. "काय चाललंय खाली?"

"फोटो! तू वरूनच काढ ना, छान येईल!"

"बरं, थांबा हं." बायकोने चिमटे खाली ठेवले आणि मोबाइल पुढे धरला. "हसा सगळे!"

"हं!" घड्याळजी ओरडले.

शाबासकी जी काही बसली म्हणता! मास्तरांच्या चपला मागेच राहिल्या, शिंपिणीने कमरेला पदर खोचला, मुलींनी दातओठ खाल्ले. गाडी हलली, सरकली, धावली. दुसरा गिअर, क्लच, एक आचका, आणि इंजिन खोकत खोकत जागं झालं. सासूबाई खिडकीतून हात काढून सगळ्यांचा निरोप घेत होत्या. "किती प्रेमळ शेजार आहे हो तुमचा! लांबपर्यंत पोचवायला आले."

दवाखान्यात ते दहाला दोन मिनिटं कमी असताना पोचले. सासूबाईंना बाहेर काढायला घड्याळजी, एक नर्स आणि दारावरचा वॉचमन असे तिघे लागले. बाहेर येताच वॉचमन म्हणाला, "इंजिन बंद करा साहेब. आत पेशंट आहेत."

काय करणार! केलं बंद. दवाखान्याचं आवार कॅरम बोर्डासारखं सपाट होतं. पण सासूबाई वेळेवर आत गेल्या होत्या, आणि फोटोच्या नावाखाली का होईना, गाडी सुरू झाली होती. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. बाकावर बसून त्यांनी घाम पुसला.

वीस मिनिटांनी बसमधून उतरून बायको आली. शेजारी बसली आणि तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला.

फोटो मात्र सुरेख आला होता. मास्तर अनवाणी, मान ताणलेली, गळ्याच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शिंपिणीचं कपाळ टपाला टेकलेलं. मुलींचे पाय मागे पसरलेले. आणि पुढच्या खिडकीतून हात हलवणाऱ्या सासूबाई.

"ही शाबासकी?" बायकोने विचारलं.

घड्याळजींनी मोबाइल परत दिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाने बायकोसमोर किती खोटं बोलावं यालाही हद्द असते.

"ढकलली," ते म्हणाले. "स्टार्टर गेलाय. तिसऱ्या दिवशीच गेला. मी हरलो. विकू या."

"मला चौथ्या दिवशी कळलं."

"काय?"

"जो माणूस कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढतो, तो सावलीसाठी दीड किलोमीटर चालत जाईल? मी मेकॅनिकला फोन केला. त्याने सगळं सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

बायकोने पर्समधून एक कागद काढला. परवा तिने उगीचच आग्रह करून त्यांची रक्ततपासणी करवून घेतली होती, तिचा रिपोर्ट. "डॉक्टर चार वर्षं घसा फोडून सांगताहेत, चाला, चाला. तुम्ही दिवसभर त्या स्टुलावर बसून. महिन्यापूर्वी साखर दोनशे चाळीस होती. आता एकशे साठ. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलीत, ती काय मला दिसत नाहीत?" तिने कागद त्यांच्या हातात दिला. "रात्र रात्र झोप लागत नव्हती मला. या महिन्यात लागली."

घड्याळजी कागदाकडे पाहत राहिले. आकडे त्यांना नीट दिसेनात.

"मग... गाडी?"

"राहील. यंत्र चालतं ठेवलं तरच जगतं, हे तुमचंच ना?"

"अगं!" घड्याळजी ताडकन उठले. "थांब, मेकॅनिकला फोन करतो. पार्ट आला असेल तर आजच..."

"पार्ट आठव्या दिवशीच आला," बायको शांतपणे म्हणाली. "माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे. साखर शंभराच्या आसपास आली की काढीन."

तेवढ्यात सासूबाई हातात चिठ्ठी नाचवत बाहेर आल्या. डोळ्याला फक्त थेंब दिले होते, ऑपरेशनची गरजच नव्हती. त्या खुशीत त्या पाठ करून, बसून, पाय शेवटी आत घेऊन स्वतःच गाडीत शिरल्या. घड्याळजी स्टीअरिंगमागे बसले आणि सपाट आवाराकडे पाहून अवघडले.

बायकोने पर्स आईच्या मांडीवर ठेवली, चपला बाजूला काढल्या आणि मागे जाऊन दोन्ही हात गाडीवर टेकले. "अहो वॉचमनदादा, जरा हात लावा. फोटो काढायचाय."

गाडी सुरू झाली. घड्याळजींनी आरशात पाहिलं. बायको हात झटकत, हसत, चपला शोधत होती. किती दिवसांनी त्यांना इतकं हलकं वाटलं! आज सासूबाईंना दाराशी सोडायचं आणि गाडी टाकीपाशी लावून रमतगमत चालत घरी यायचं, कुठलंही कारण न सांगता.

कोपऱ्यावरच्या सिग्नलला गाडी थांबली. लाल दिव्याखाली चांगला नव्वद सेकंदांचा आकडा लागलेला. सासूबाईंनी तो वाचला आणि त्यांचा हात किल्लीकडे वळला.

"आई!" घड्याळजी किंचाळले. "जळू द्या पेट्रोल!"