कानशीच्या जागी सुपारी

"दातांना कुंकू लावायचं न्हाई, पद्मे. मुठीला लाव. दात भरलं की कानस मुकी हुतीया. आन् आजच्या दिवशी त्यांना कामाला हाक मारायची न्हाई. वरीसभर राबत्यात, एक दिवस बसू दे."

नाना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. पण दर खंडेनवमीला हळदीकुंकवाचं ताट हातात घेतलं की पद्माताईंच्या कानात हा आवाज उमटायचाच. नाना इचलकरंजीत यंत्रमागांचे फिटर. जाताना लेकीला दागिना देऊ शकले नाहीत, आपली हत्यारांची पेटी दिली. तिच्यात सहा कानशी, एक पक्कड, वस्तू आवळून धरायचा छोटा शेगडा, हातोडी आणि पितळेचे काही तुकडे. "नवमीचा दिवस पाळीन," एवढाच शब्द पद्माताईंनी त्यांना दिला होता, आणि लखनौच्या विकास नगरात राहूनही तो एकदाही मोडला नव्हता.

पद्माताईंची व्रतं पुष्कळ. सोमवार, चतुर्थी, चातुर्मासात मौन धरून जेवण, नवरात्रात नऊ दिवस फळं आणि दूध. त्या एकूणच हळू बोलत, त्यामुळे मौन कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे घरात फारसं कुणाच्या लक्षात येत नसे.

लक्षात न आलेली आणखी एक गोष्ट होती. त्यांचे यजमान चंद्रकांतराव बँकेत होते तोवर दुपारी घर रिकामं असे, आणि त्या रिकाम्या दुपारी पद्माताई पेटी उघडत. कात्रीला धार लाव, खिडकीची अडकणारी कडी घासून सरळ कर, विळीचं पातं नीट कर. धारदार कानस धातूवरून पुढे गेली की हाताला एक बारीक, खरखरीत कौल मिळतो. तो मिळाला की पद्माताईंना जप पूर्ण झाल्यासारखं वाटे. या घरातल्या कड्या मुळातच चांगल्या स्वभावाच्या आहेत, असं चंद्रकांतरावांचं प्रामाणिक मत होतं.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि हज़रतगंजातून पासष्ट नगांचा हत्यारांचा संच घेऊन आले. चकचकीत निळी पेटी. तेव्हापासून पद्माताईंनी पक्कड उचलली की आतून आवाज यायचा, "तू राहू दे गं, मी करतो." आणि मग ते काम राहायचं.

कॉलनीतही त्यांनी अशीच बरीच कामं राहू दिली होती. समोरच्या गीताजींच्या फाटकाची कडी सैल झाली, तेव्हा हे स्वतःहून गेले, कडीतला जाड पितळी वायसर नमुना म्हणून काढून घेतला आणि "दशहरे तक हो जाएगा, मेरी ज़बान है" असं सांगून आले. त्याला आठ दिवस झाले. फाटक आता जुन्या ओढणीने बांधलेलं होतं.

तर नवमीच्या सकाळी पद्माताईंनी देवीपुढे पाट मांडला, त्यावर लाल कापड घातलं, आणि नानांच्या सहा कानशी ओळीने ठेवल्या. शेजारी निळी पेटी.

"हा पण ठेव," चंद्रकांतरावांनी वायसर पुढे केला. "तोही राबलाय बिचारा."

त्यांना चेष्टा करायची होती. पद्माताईंनी वायसरला मनापासून तेलाचं बोट लावलं, हळदीकुंकू वाहिलं आणि त्याला पक्कडीच्या शेजारी बसवलं.

दहाच्या सुमारास गीताजी कन्यापूजनाचा हलवा, पूरी आणि काले चने घेऊन आल्या.

"भाईसाहब, कल दशहरा है," त्या ताट ठेवत म्हणाल्या. "गाय दो बार अंदर आ चुकी है. मेरा सारा गेंदा खा गई. हमारा वॉशर है कि गया?"

"जाएगा कहाँ? पूजा में बैठा है आपका वॉशर." चंद्रकांतराव पाटाकडे वळले.

"अहो, आज उचलायचं नसतं," पद्माताई म्हणाल्या.

"वापरत नाहीये, दाखवतोय फक्त." आणि हातात धरून दाखवलं तर कमी पडेल म्हणून की काय, त्यांनी तो वायसर डाव्या अनामिकेत घातला. "देखिए. अंगूठी जैसा संभाल के रखा है."

तेलामुळे तो छान गेला. पेर ओलांडून पार मुळाशी जाऊन बसला. गीताजींनी कौतुक केलं, चंद्रकांतरावांनी हात फिरवून दोन्ही बाजूंनी दाखवला, आणि मग तो काढायला गेले.

"थांब हं," ते म्हणाले. वास्तविक कुणीच कुठे निघालं नव्हतं.

पहिली पाच मिनिटं त्यांनी हसत हसत ओढलं. पुढची पाच न हसता. पद्माताईंनी साबण आणला. साबणानंतर साजूक तूप आलं, तुपानंतर गीताजी घरी जाऊन सरसों का तेल घेऊन आल्या. तासाभरात त्या बोटाला फोडणी द्यायचीच काय ती बाकी राहिली, पण वायसर हलला नाही. ओढून ओढून पेर मात्र फुगलं.

आवाज ऐकून वेदांत खोलीतून बाहेर आला. हा त्यांचा मुलगा. घरून नोकरी करायचा. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीत यायचं.

"पापा, आप छोड़ो. इसका वीडियो है."

व्हिडिओत एक हसरा माणूस बोटाला दोरा गुंडाळून अंगठी अलगद काढत होता. वेदांतने वायसरखालून दोरा घातला, पेरावर गच्च गुंडाळला आणि ओढला. दोरा तुटला. अर्धा वायसरखाली राहिला.

"आता आत दोरापण आहे," चंद्रकांतराव शांतपणे म्हणाले.

"उसकी अंगूठी पतली थी," वेदांत म्हणाला.

मग बाजारातल्या सोनाराला फोन केला. तो म्हणाला, सोनं असेल तर या, एवढं जाड पितळ माझ्या कात्रीने कापणार नाही. इस्पितळात फोन केला. सुट्टीचा दिवस, अंगठी कापणारा माणूस चारनंतर येईल, तोवर हात वर धरा, असं उत्तर मिळालं. चंद्रकांतरावांनी हात वर धरला. बोटाचा रंग आधी लाल होता, आता वांग्याकडे झुकत होता.

"ऊपर वाले विनय के पास ग्राइंडर है," वेदांतला सुचलं. "टाइल्स काटता है उससे. दो सेकंड का काम है, पापा."

"कशाचं? वायसरचं की बोटाचं?"

"आप हिलना मत बस."

"मी हलणार नाही रे. ते यंत्र हलतं ना."

पण दुसरं काही सुचेना, म्हणून वेदांत वर गेलाच. मशीन सुरू होतंय का बघायला विनयने ते जिन्यातच चालवलं. तो आवाज खाली आला मात्र, चंद्रकांतरावांनी वर धरलेला हात छातीशी घेतला आणि ते पाटाजवळ जाऊन बसले. या माणसाने गेल्या तीस वर्षांत देवीपुढे बसून फक्त प्रसाद खाल्ला होता.

"पद्मा," ते म्हणाले, "नानांच्या कानशी कापतील का गं हे?"

गेला तासभर पद्माताई याच प्रश्नाकडे पाठ करून उभ्या होत्या. कापतील. त्यांना पक्कं माहीत होतं. सहांपैकी पिवळा दोरा बांधलेली तिकोनी कानस नानांनी खास पितळेसाठी राखून ठेवली होती. एकदा लोखंडावर चाललेली कानस पितळेवर नुसती घसरते, म्हणून ती लोखंडाला कधी लावलीच नव्हती. नवी होती तशीच तिची धार होती. आणि ती आज कुंकू लावून, फूल घेऊन, हक्काच्या सुट्टीवर बसली होती.

एकवीस वर्षं पाळलेला शब्द एका बाजूला आणि नवऱ्याचं वांगी रंगाचं बोट दुसऱ्या बाजूला. चारनंतर माणूस येणार. घड्याळात पावणेबारा.

पद्माताई देवीसमोर बसल्या. हळू बोलायची सवय असली तरी ते चंद्रकांतरावांना ऐकू आलं. "मोडलेला उपास दुसऱ्या दिवशी धरता येतो, आई. बोट दुसऱ्या दिवशी धरता येत नाही. नानांना तू समजाव."

मग त्यांनी डब्यातून एक सुपारी काढली. बायको हजर नसली की यजमानाशेजारी तिच्या जागी सुपारी ठेवून कार्य उरकतात, तसं त्यांनी तिकोनी कानस उचलली आणि तिच्या जागी सुपारी ठेवली. सुपारीला हळदीकुंकू वाहिलं, कानशीवरचं फूल तिला दिलं.

"अहो, हात पाटाच्या कडेवर ठेवा. वेदांत, मनगट धर. गीताजी, ठंडे पानी की कटोरी दीजिए ज़रा."

"तू करणार?" चंद्रकांतराव म्हणाले.

"मग काय विनयला बोलावू?"

त्यांनी हात ठेवला.

पद्माताईंनी बोटाभोवती ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळली, रांगोळीच्या खडूचा तुकडा कानशीच्या दातांवर फिरवला, म्हणजे पितळ दातांत अडकत नाही, आणि वायसरच्या कडेवर कानस टेकवली. पुढे. उचल. मागे. पुढे. उचल. मागे. पहिल्याच फेरीत कौल आला. दोन वर्षांनी आला, तरी ओळख विसरला नव्हता. सोन्यासारखी बारीक धूळ फडक्यावर पडू लागली.

"आई, तुमको ये सब आता है?" वेदांत म्हणाला.

"खिडकीची कडी कोण नीट करायचं?" कानस पुढे गेली. "तुझ्या सायकलचा स्टँड?" कानस मागे आली.

"म्हणजे त्या कड्या…" चंद्रकांतरावांनी सुरुवात केली.

"बोलू नका. तुम्ही बोललात की बोट हलतं."

ते गप्प झाले. मनगटाला धरलेला माणूस, डोळे मिटलेले, ओठ मात्र पुटपुटत होते. पद्माताईंना वाटलं, दुखत असेल. थोड्या थोड्या वेळाने त्या पाण्याचा थेंब सोडत, बोटाने खाच चाचपून पाहत आणि पुन्हा सुरू करत. वीस मिनिटांत एक बाजू कागदाएवढी उरली. मग त्यांनी हात उलटा करायला सांगितला.

"आणखी एक?"

"एका बाजूने कापून एवढं जाड पितळ फाकत नाही. नाना म्हणायचे, घाई झाली की दोन खाचा कर."

दुसरी खाच झाली. पद्माताईंनी पाटाकडे पाहिलं, पक्कडीच्या जागीही एक सुपारी ठेवली, पक्कड उचलली आणि हलकेच दाबली. टक्क असा आवाज झाला. वायसरची दोन अर्धुकं फडक्यावर पडली, शेजारी वेदांतचा दोरा.

गीताजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग त्यांनी ती अर्धुकं हातात घेऊन पाहिली आणि चंद्रकांतरावांकडे पाहिलं. "ठीक है भाईसाहब," त्या म्हणाल्या, "उँगली से बढ़कर वॉशर थोड़े ही है. ओढ़नी से काम चल रहा है." आणि उरलेलं तेल घेऊन घरी गेल्या. तेवढ्यात जिन्यावरून विनय ग्राइंडर घेऊन उतरला. त्याला हलवा दिला.

दसऱ्याच्या सकाळी पद्माताईंनी उत्तरपूजा केली, पाटावर अक्षता टाकल्या, सुपाऱ्या बाजूला काढल्या आणि पाट हलवला. चंद्रकांतराव चहा पीत बसले होते. बोट सुजलेलं होतं, पण माणसाच्या रंगाचं होतं.

"अहो, तो पेचकस द्या जरा तुमच्या पेटीतला."

चंद्रकांतराव हलले नाहीत.

"अहो."

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "काल बोलून गेलोय."

"कुणाला?"

त्यांनी हनुवटीने देवीकडे दाखवलं. "म्हटलं, एवढं बोट सोडव, जन्मात पुन्हा हत्याराला हात लावणार नाही. नवस आहे. तूच म्हणतेस ना, नवस मोडू नये."

पद्माताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. थोडं समाधान मात्र होतं.

"अहो, एवढं मोठं मागितलं नव्हतं तिनं."

"आता दिलं ते दिलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "ती निळी पेटी तू घे. पाच-सहा नग तर अजून प्लास्टिकमध्येच आहेत."

"आणि गीताजींचं फाटक? दसऱ्यापर्यंत करतो, ज़बान आहे, म्हणाला होतात. आज दसरा."

चंद्रकांतरावांनी कप खाली ठेवला. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. एक शब्द देवीला, एक शब्द शेजारणीला, आणि मध्ये सुजलेलं बोट. त्यांनी खिडकीतून समोरच्या फाटकाकडे पाहिलं. फाटकाची ओढणी सुटली होती आणि गाय आत डोकावत होती.

नानांच्या पेटीतून पद्माताईंनी जुन्या मागाची एक जाड पितळी चकती काढली. तिचं भोक थोडं लहान होतं. ती शेगड्यात आवळून त्या खिडकीशी बसल्या, आणि गोल कानस भोकातून पुढे जाऊ लागली. आज कुणी "तू राहू दे" म्हणालं नाही. चंद्रकांतराव खुर्ची ओढून शेजारी बसले, हात पाठीमागे बांधून, आणि पितळेचा भुगा कसा पडतो ते पाहत राहिले. घाई करण्याचं काही कारण नव्हतं, म्हणून पद्माताईंनी केली नाही. शेवटी चकतीच्या कडा बोटाला टोचेनाशा झाल्या. उजेडात धरून पाहिलं, फुंकर मारली.

चकती, दोन कानशी आणि पक्कड त्यांनी फडक्यात गुंडाळली. निळ्या पेटीतून पेचकस स्वतःच काढून घेतला. मग देव्हाऱ्याजवळ जाऊन कालची एक सुपारी उचलली आणि तीही गाठोड्यात ठेवली.

"ही कशाला?" चंद्रकांतरावांनी विचारलं.

"शब्द तुमचा आहे ना," पद्माताई हळूच म्हणाल्या. "तुमच्या जागी कुणीतरी नको का तिथं?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या, दार हलकेच ओढून घेतलं आणि रस्ता ओलांडायच्या आधी गाय बाजूला होण्याची वाट पाहत उभ्या राहिल्या.