पेट्रोलला औषध

बटण दाबणं म्हणजे काम नव्हे, असं मी त्या रविवारी ठरवलं आणि तिथेच माझं चुकलं.

काम खरं शनिवारचं. आमच्या कॅनडातल्या, मॅनिटोबाच्या गावात कडक थंडी पडायच्या आत मोटरहोमची, म्हणजे चाकांवरच्या घराची, झोपायची तयारी करून ठेवतात, कारण मग वसंत येईस्तोवर त्याच्या इंजिनाला कोणी हात लावत नाही. आमच्याकडे ती तयारी इस्ब्रांट करायचा. इस्ब्रांट माझा नवरा. फेब्रुवारीत तो गेला, आणि मागे ठेवलं काय, तर मी आणि हे अंगणभर धूड. मुलगा विली कॅल्गरीहून फोनवर म्हणाला, "आई, विकून टाक ते. तुला नाही जमायचं."

"तुला जन्माला घालायचं जमलं, त्यापुढे हे काय!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. (फोन ठेवायची मला फार घाई असते. मग तो पुन्हा वाजायची दिवसभर वाट बघते.)

मी शिकले ती मेक्सिकोतल्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत, बाराव्या वर्षापर्यंत, तेही शेतात काम नसेल तेव्हाच. पण पेट्रोलचं मला कळतं. पेट्रोल दुधासारखं असतं, ठेवलं की नासतं. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरायची, औषधाची बाटली तिच्यात ओतायची आणि इंजिन चालवायचं, म्हणजे औषध सगळ्या नळ्यांतून फिरतं. एवढं मी शनिवारी केलं. पण आतल्या विजेसाठी मोटरहोमला जनरेटर असतो, त्याची नळी वेगळी. त्याला औषध पाजायचं राहिलंय हे मला आठवलं ते रविवारी, चर्चमधून परत येताना.

रविवारी आमच्या पंथात काम करत नाहीत. झाडूसुद्धा उचलत नाहीत. मी बटण दाबलं. आता जनरेटर नुसता घरघरून भागत नाही, त्याच्यावर विजेचा भार टाकावा लागतो. म्हणून आतले सगळे दिवे लावले, छतावरचा एसी लावला (बाहेर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरली होती), दिवे कोणाला दिसू नयेत म्हणून पडदे ओढले, दाराला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून घरात येऊन बसले.

रविवार दुपारचा आमचा फास्पा असतो. कॉफी, एकावर एक गोळा बसवून भाजलेला दुमजली पाव, चीज, जाम. कोणी बोलावत नाही, कोणी कळवत नाही. लोक येतात आणि सरळ टेबलाशी बसतात. इस्ब्रांट होता तेव्हा आमच्याकडे खुर्च्या पुरायच्या नाहीत. पण जोडपी जातात ती जोडप्यांकडे. तो गेल्यापासून एकही चाक माझ्या अंगणात वळलं नव्हतं. लोक वाईट नाहीत हो. उरलेल्या अर्ध्या जोडप्याकडे जाऊन बोलायचं काय, ते त्यांना सुचत नाही, एवढंच. तरी दर शनिवारी मी घमेलंभर पाव भाजते आणि सोमवारी कोंबड्यांना घालते. (गावात सगळ्यांत लठ्ठ कोंबड्या माझ्या.)

आणि त्या दिवशी दार वाजलं. समोरची टीना पेनर आणि तिचा नवरा हाइन. टीनाच्या हातात जामची बरणी, मान लांब करून माझ्या खांद्यावरून आत बघतेय.

"कोण आलंय गं?"

"कोण येणार?"

"लपवतेस कशाला? मोटरहोम मघापासून घरघरतंय. आत माणसं उतरल्याशिवाय रविवारी कोण चालवतं? तुझे टेक्सासचे नातेवाईक ना?"

खरं सांगितलं असतं तर रविवारी काम केल्याचं पाप उघडं पडलं असतं. त्याला मी भीत नाही. पण खरं ऐकून ती दोघं परत गेली असती.

"हो," मी म्हटलं. "झोपलीत. रात्रभर प्रवास करून आली."

"मग उठेपर्यंत थांबतो की!" टीना बसलीसुद्धा.

मागोमाग पाद्री थीसन आणि त्यांची बायको आली. मग कोपऱ्यावरचे फोख्ट नवराबायको. पाहुणे बघायला गाव लोटलं म्हणा ना. सगळे कुजबुजत बोलत होते, पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून. मी कॉफीवर कॉफी ओतत होते. पाव संपत आला, आणि मला इतका आनंद झाला की विचारू नका.

"किती जण आहेत?" थीसनबाईंनी हळूच विचारलं.

"चार," मी म्हटलं. "आणि एक तान्हं." (तान्ह्याची काय गरज होती? भरल्या टेबलाशी माणूस उदार होतो.)

तेवढ्यात बाहेर विडी ओढायला गेलेला हाइन आत आला. तोंड पांढरंफटक.

"जुस्टीना, खिडक्या सगळ्या बंद आहेत गं!"

"थंडी आहे."

"अगं, धूर! जनरेटरचा धूर आत शिरला तर माणूस झोपेतल्या झोपेत जातो. मी दार बडवलं, हूं नाही की चूं नाही."

"आमची माणसं गाढ झोपतात."

"तान्हंसुद्धा?"

खुर्च्या पडल्या, कप पडले, सगळे अंगणात. हाइन फावडं घेऊन पुढे, मी त्याच्या मागे. चावी माझ्या खिशात. ती दिली असती तर दार उघडलं असतं, आणि दार उघडलं असतं तर… एवढा विचार होईपर्यंत त्याने काच फोडली आणि खिडकीतून आत उडी टाकली.

आतून किंकाळी आली. थीसनबाई खाली बसल्या आणि प्रार्थना म्हणू लागल्या.

"काय दिसतंय, हाइन?" पाद्री ओरडले.

"उंदराचा सापळा!" हाइन विव्हळला. "माझ्या अंगठ्याला!"

मग जनरेटर बंद झाला. हाइनने आतून दार उघडलं. आत उभ्या करून ठेवलेल्या गाद्या, हिवाळ्यासाठी लावलेले सापळे आणि एसीचा गार वारा. बाकी कोणी नाही.

"जुस्टीना," पाद्री म्हणाले, "माणसं कुठायत?"

"ही काय," मी म्हटलं, "अंगणात उभी आहेत."

पाद्रींनी टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली. मग मी पेट्रोलच्या औषधाचं सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि एकेक करून सगळे आपापल्या घरी गेले. पडलेले कप मी एकटीने उचलले.

सोमवारी हाइन अंगठ्याला चिंधी बांधून आला, फुटक्या खिडकीला पुठ्ठा चिकटवला, आत बराच वेळ खुडबुड केली आणि मागच्या मागे निघून गेला.

पुढच्या रविवारी मी पाव मांडले, कॉफी केली. कॉफी निवली. पुन्हा तापवली, पुन्हा निवली. शेवटी कोट चढवला, बाहेर गेले आणि जनरेटरचं बटण दाबलं. (औषध नीट पोचलंय की नाही ते बघायला. कोणीही बघितलं असतं.) आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग अंगठा टेकवून उभीच राहिले.

"दाब, दाब!" रस्त्यापलीकडून टीना ओरडली. दारात उभी राहून किती वेळ बघत होती, देव जाणे. "बॅटरी आमच्या तळघरात आहे! थंडीने फुटू नये म्हणून हाइनने सोमवारीच काढून आणलीय!"

"मी औषध बघत होते!"

"दिसतंय ते! ये आता इकडे, सगळे थांबलेत."

"मी एकटीच आहे," मी म्हटलं.

"बरंच झालं," टीना म्हणाली. "खुर्ची एकच उरलीय. तान्ह्याला मांडीवर घे."