सलोमीवन्सांचा दहावा वाटा

आमच्या सलोमीवन्सं तव्यावर भाकरी टाकतात तीसुद्धा मोजून. एकटीसाठी रोज दोन, म्हणजे पाचव्या दिवशी दहावी येते. ती दहावी त्या खात नाहीत. कितीही भूक असू दे. फडक्यात गुंडाळून कुणाच्या तरी दारात नेतात आणि म्हणतात, "नऊ माझ्या, ही त्याची." 'त्याची' म्हणताना बोट वर. नवख्या माणसाला वाटतं, यांच्या माळ्यावर कुणी भाडेकरू राहतो.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. घाटघरकडच्या वाड्यांवर नर्स म्हणून उभं आयुष्य पायी हिंडल्या, पण बिऱ्हाड कायम जुन्नरात, आमच्या भिंतीला भिंत लावून.

देवाला दशांश द्यायचा, हे आम्हा ख्रिस्ती घरांतून सगळेच लहानपणापासून ऐकतात. लोक पगाराचा देतात, किंवा द्यायला हवा असं म्हणतात. वन्सं सगळ्याचा देतात. कोंबडीचं दहावं अंडं पाळकांच्या घरी. झाडाचा दहावा पेरू आळीत. एकदा मांजरीला दोन वेतांत मिळून दहा पिल्लं झाली, तर दहावं पिशवीत घालून पाळकीणबाईंच्या ओट्यावर ठेवून आल्या. मी उलटून बोलले की नऊ वेळा मला बोलणी बसायची. दहाव्या वेळी त्या नुसतं बघायच्या आणि म्हणायच्या, "जा, हे त्याच्या वाट्याचं." मीही मोजायला शिकले. सगळ्यात झोंबणारी वाक्यं दहाव्या खेपेसाठी राखून ठेवायची.

मी लोणीची, बी.ए. झालेली, आणि नव्याने लग्न झालेली. त्या वयात मला माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. महिलांच्या सभेत पहिल्याच महिन्यात उभी राहून मी भाषण ठोकलं. दशांश ही जुन्या नियमशास्त्रातली गोष्ट, आता कृपेचा काळ आहे, आता भगिनींनो मोजून नव्हे, मोकळ्या मनाने द्यायचं! टाळ्या पडल्या. मागून वन्संनी विचारलं, "मोकळ्या मनानं म्हंजी किती?"

"मन म्हणेल तेवढं."

"आन् मन न्हाई म्हनलं तर?"

बायका हसल्या. मी वन्संकडे दयेने पाहिलं. बिचाऱ्यांना शिक्षण कमी.

मग आला हंगामाचा सण. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी वेदीपुढे आणून ठेवतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. वन्संनी दहा मेथीच्या जुड्यांतली एक आणली. सगळ्यात ताजी, कारण 'त्याची' त्या आधी निवडून बाजूला ठेवतात. मी मोकळ्या मनाने भलामोठा भोपळा दिला. खरं सांगते, तो महिनाभर आमच्या पलंगाखाली पडून होता आणि घरात भोपळा कुणी खात नाही. लिलावात त्यावर कुणी बोलीच लावेना. पंच तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा लाजेकाजेने आमच्या ह्यांनीच तो घेतला आणि डोक्यावर घेऊन घरी आणला. आठवडाभर जेवताना मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

म्हणून वाद संपला का? छे! चाळीस वर्षं चालला. धुणं वाळत घालताना, शेंगा सोलताना, दवाखान्याच्या रांगेत. "मोजून दिलं तर ते देणं कसलं?" मी. "न मोजता तू दिलंस काय आजवर?" त्या.

गेल्या वर्षी नवे पाळक आले. वय तिशीचं. त्यांनी पहिल्याच महिन्यात उपदेशात सांगितलं की, दशांशाचं बंधन आता कुणावर नाही, मनापासून द्या. शब्द न् शब्द माझा! मी बाकावरून वळून वन्संकडे असं पाहिलं, की नातवंडं असलेल्या बाईला ते शोभू नये.

त्या आठवड्यात भाकरी कुणाकडे गेली नाही. पुढच्याही नाही. अंडं नाही, पेरू नाही. आळीतल्या बायका मला विचारू लागल्या, "वैनी, सलोमीबाई दिसंनात. दुखतंय का काय?" पंधराव्या दिवशी मी भिंतीपलीकडे गेले.

वन्सं खाटेवर बसून होत्या. टोपल्यात पेरू पिकून मऊ पडत होते.

"काय हो वन्सं, देणं बंद?"

"पाळक म्हनले न्हवं? मन व्हईल तसं."

"मग मन होत नाही?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मन रोजच व्हतं गं, रिबके. पर मन झालं म्हनून कुनाच्या दारात जाऊन काय सांगू? त्याची भाकर हाय म्हनलं, की लोकं आत घेत्यात. बसा म्हनत्यात, च्या टाकत्यात. त्याचं काम आसलं की न बोलवता जाता येतंय. माझं एकलीचं काय काम हाय कुनाकडं?"

भिंतीला भिंत लावून मी चाळीस वर्षं राहिले. त्या माझ्या दारात भाकरी घेऊन आल्या तेव्हा मी दरवेळी वाद घातला. नुसतंच 'या, बसा' कधी म्हटलं होतं, ते आठवेना.

"वन्सं," मी म्हटलं, "माझं चुकलं. इतकी वर्षं चुकत होते. दशांश द्यायलाच पाहिजे. मोजून."

चष्म्यावरून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "बी.ए.ला शिकवलं न्हाई व्हय हे?"

"नाही शिकवलं."

"आन् पाळक?"

"पोरगेले आहेत अजून. होतील शहाणे."

वन्संनी पायांनी चपला चाचपल्या. "आगं मंग पंधरा दिसांचं तुंबलंय की! ऊठ, धर ते टोपलं. बसलीस काय?"

आळी फिरायला आम्हाला अडीच तास लागले. चार घरी चहा झाला. प्रत्येक घरी बशीत फुंकर घालत वन्संनी माझ्याकडे बोट केलं आणि सांगितलं, "ही आमची रिबका. लई शिकल्याली. पर शास्त्र तिला आत्ता कुटं कळाया लागलंय."

मी चारही घरी मान डोलावली.