हेर लिंडनरची तलवार आणि खंडेनवमी

"आई, ही तलवार कोणी घासली?" ऑफिसातून आलेल्या पुष्करने एक बूट पायात, एक हातात अशा अवस्थेत विचारलं.

"मी घासली. दुसरं कोण घासणार?" त्याच्या सासूबाई, नीलिमाताई, देवापुढून म्हणाल्या. "अहो पुष्करराव, खंडेनवमी आहे आज. इतकं गंजलेलं शस्त्र कोणी पूजेला ठेवतं का?"

पाटावर पुष्करच्या बायकोचा, संपदाचा लॅपटॉप होता, गाडीची किल्ली होती, विळी नव्हती म्हणून भाजीची सुरी होती आणि मधोमध ती नागमोडी पात्याची फिलिपिनो तलवार झगझगत पडली होती. तिच्यावर झेंडूचं फूल आणि तेलात कालवलेलं कुंकू, तेही हात सैल सोडून.

तलवार पुष्करची असती तर काही नव्हतं. पण ती खालच्या मजल्यावरच्या घरमालकांची, हेर (जर्मनमधले श्रीयुत) लिंडनरची होती, आणि हेर लिंडनर म्हणजे देवमाणूस. न्युरेम्बर्गमध्ये चार महिने घर मिळत नव्हतं. प्रत्येक घरमालक मसाल्याच्या वासाबद्दल विचारायचा आणि मग फोन उचलायचा नाही. एकट्या लिंडनरनी विचारलं होतं, "लसूण घालता का? घाला. तेरेसा गेल्यापासून जिन्यात कसलाच वास येत नाही."

तेरेसा ही त्यांची फिलिपिन्सची बायको. तलवार तिच्या आजोबांची. ती सांगायची, की पातं आणि मुठीजवळची रुंद पट्टी हे दोन वेगळे तुकडे जोडलेत, जुन्या तलवारी अशाच असतात. आणि मग इंटरनेटवरच्या कुठल्याशा जाणकाराने फोटो बघून लिहिलं, की जोड वगैरे काही नाही, एकाच तुकड्यावर रेघ कोरलीय, प्रवाशांना विकायचा माल. तेव्हापासून म्हातारबुवा जेवेनासे झाले. बायको आपल्याशी तीस वर्षं खोटं बोलली की काय, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

पुष्कर कंपनीत धातूंची तपासणी करतो म्हणून त्यांनी ती मोठ्या विश्वासाने त्याच्याकडे दिली. उपकाराच्या ओझ्याने पुष्करची तिला बोट लावायची छाती झाली नाही. त्याने महिनाभर ती टॉवेलात गुंडाळून ठेवली आणि फ्राऊ हार्टविग नावाच्या जुन्या शस्त्रांच्या तज्ज्ञ बाईंचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, घेतला. बाईंनी मेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काहीही साफ करू नका.' त्या आज पाच वाजता यायच्या होत्या. आत्ता पावणेपाच झाले होते.

"कशाने घासलीत?"

"आधी चिंचेने. मग लिंबाने. हात भरून आले हो माझे."

संपदा होमऑफिसच्या खोलीतून बाहेर आली. "मला वाटलं तू तांब्या घासतेयस."

"तो पण घासला," नीलिमाताई म्हणाल्या.

"गंज परत कसा आणायचा?" पुष्कर पुटपुटला. "काळा चहा लावू का?"

"तू इंजिनिअर आहेस ना?" संपदा म्हणाली. "निदान कुंकू तरी पूस."

"पुसा, पण उचलायची नाही," सासूबाईंनी बजावलं. "पूजेतलं उद्या दसऱ्याला हलवायचं."

पुष्कर गुडघे टेकून पुसायला बसला. पातं स्वच्छ झालं, मूठ स्वच्छ झाली, पण त्या वादग्रस्त रेघेतलं कुंकू काही हटेना. पुसलं की जायचं आणि मिनिटभरात पुन्हा लालबुंद, केसाएवढी बारीक रेघ वर यायची. तिसऱ्यांदा पुसताना बेल वाजली. पाचला पाच कमी. या देशात पाहुणा उशिरा येईल ही आशाच करू नये.

दारात फ्राऊ हार्टविग होत्या, त्यांच्यामागे हेर लिंडनर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांची नजर तलवारीवर गेली, मग पुष्करच्या लाल हातांवर, आणि ते हळूच खुर्चीत बसले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे कोणी केलं?" फ्राऊ हार्टविगनी विचारलं.

"मी," पुष्कर म्हणाला. सासूचं नाव सांगणार कसं?

"आणि हा लाल रंग?"

"तो पुसतोय मी. पण सारखा वर येतोय." एवढं बोलून पुष्कर एकदम थांबला. पोटापाण्यासाठी तो रोज हेच करत होता. सुट्या भागाला लाल रंग लावायचा, पुसायचा आणि वाट बघायची. वरवरचा ओरखडा असेल तर रंग निघून जातो. खरी भेग असेल तर आत मुरलेला रंग परत वर येतो. जे करायला तो महिनाभर घाबरला होता, ते सासूबाईंनी दुपारच्या चहाआधी उरकलं होतं.

बाई तलवार उचलणार, तोच नीलिमाताईंनी हात आडवा धरला. मग त्या विदुषी जमिनीवर बसल्या आणि पाटाशी गाल टेकून पात्याची खालची बाजू भिंगातून बघू लागल्या.

"या बाजूलाही लाल आहे," त्या म्हणाल्या. "आरपार गेलंय. कोरलेली रेघ नाही ही. दोन तुकडे आहेत. जुनीच आहे, हेर लिंडनर. तुमची पत्नी बरोबर सांगत होती." मग त्या पुष्करकडे वळल्या. "घासायला नको होती. ते मी अहवालात लिहिणार."

"लिहा, जरूर लिहा," पुष्कर म्हणाला. त्याला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

"मूठ मात्र नंतरची आहे. बीचचं लाकूड. कुठल्या तरी अडाण्याने बसवलीय."

"मी," हेर लिंडनर म्हणाले. "तळघरात बसून केली. ती नको म्हणत होती."

म्हातारबुवा खुर्चीतून उठले, पाटासमोर कसेबसे खाली बसले आणि तलवारीकडे बघून जर्मनमध्ये हळूहळू काहीतरी बोलत राहिले. मग त्यांनी नीलिमाताईंचे, चिंचेने सुरकुतलेले दोन्ही हात हातात घेतले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत.

"आई, ते काय म्हणतायत सांगू का?" संपदाने विचारलं.

"कळलं मला. आधी बायकोची माफी मागितली, मग माझे आभार मानले."

"तुला जर्मन कुठे येतं?"

"जर्मन कशाला यायला हवं?" नीलिमाताई डोळे पुसत म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी कधी तरी असं तोंड करावं म्हणून चाळीस वर्षं वाट बघतेय मी."